बोंडं तडकायच्या आधी

आमच्या पाड्यावर जुन्या माणसाला वय विचारलं की ते आधी डोंगराकडे बघतं. वर्षं कुणी मोजलीच नाहीत. मोजले ते कारवीचे बहर. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, कधी कधी आठ लागतात. मधली सगळी वर्षं ती नुसती वाढते. पावसाळ्यात खरखरीत हिरवी पानं, उन्हाळ्यात काटक्याच काटक्या, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आणि मग एका श्रावणात अख्खी उतरण जांभळी होते. सकाळी दार उघडलं की डोंगरावर कुणी लुगडं वाळत घातलंय असं वाटतं.

मी अशाच एका बहरात जन्मले. तो धरून मी अकरा बहर पाहिले. आधार कार्डावर जी तारीख आहे ती शाळेच्या मास्तरांनी अंदाजाने टाकलेली, तिच्यावर जाऊ नका. माझं खरं वय अकरा बहर. बारावा दिसेल असं मी काही धरून चालत नाही. दिसला तर दिसला. पण तो यायचा की नाही, आमच्या उतरणीवर कारवी पुन्हा उगवायची की नाही, हेच या अकराव्या बहरानंतर पणाला लागलं आणि त्यात हात माझा होता. ते सांगायला बसले आहे.

लिहायला मी उशिरा शिकले. मुलगी पहिलीला गेली तेव्हा ती पाटीवर गिरवायची आणि मी चुलीपुढे राखेत बोटाने. तिने शाळा पुढे नेली, मी राख. त्यामुळे माझ्या लिहिण्यात बोलणं फार येतं, इकडचं तिकडे होतं. सांभाळून घ्या.

पाडा कुठे आहे ते आधी सांगते. नाशिकहून पेठकडे निघालं की घाट लागायच्या आधी डाव्या हाताला एक फाटा आहे. तिथून पुढे चालायचं. आता जीप येते, तरी शेवटची चढण पायीच. तीसेक घरं. खाली भाताची खाचरं, त्याच्यावर नागली आणि वरईचे उतार, मग घरं, घरांच्या डोक्यावर कारवीची उतरण आणि सगळ्यात वर काळा कातळकडा. कड्याच्या पोटातून एक झरा येतो, तो होळीपर्यंत पुरतो. तिथून पुढे आम्ही दरीतल्या डोहावर जातो, हंडा डोक्यावर घेऊन. पावसाळ्यात चार महिने धुकं. शेजारच्या घरात चूल पेटली की नाही ते वासावरून कळायचं.

कारवीशिवाय आमचं घर होत नाही. सरळ, हलक्या काठ्या असतात. त्या बांधून कुड करायचा आणि वरून शेणामातीने लिंपायचा. थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा, आणि भूकंप झाला तर भिंत अंगावर पडली तरी टेंगळावर भागतं, असं माझे वडील म्हणायचे. बहराच्या पुढच्या वर्षी अख्खा पाडा कुड बदलतो. म्हणजे घराचं वयही कारवीवरूनच.

आता ती कधी कापायची, याचा नियम आहे आणि नियम आमच्याच घरचा आहे. त्याची गोष्ट माझ्या आत्याने मला सांगितली, तिला तिच्या आत्याने. फार जुन्या काळी तीन घरं घाटाखालून वर चढून आली. का आली ते कुणी सांगत नाही. कुणी दुष्काळ म्हणतं, कुणी कसलं भांडण. वर आल्यावर पुरुष मंडळी मिठासाठी परत खाली उतरली ती लवकर आलीच नाहीत. उन्हाळा संपत आला. उघड्यावर लेकरं. तेव्हा त्या तीन घरांतल्या थोरल्या घरच्या मुलीने कोयता घेतला आणि एकटीने कारवी कापून तीनही घरांना कुड केला. सगळे वाचले. पण तिला ठाऊक नव्हतं की कारवी फुलून मरते आणि मरता मरता बी टाकते. बी पडायच्या आधीच तिने कापली होती. पुढे कितीतरी वर्षं उतरण उघडी राहिली, माती धुऊन खाली आली, एक खाचर गाडलं गेलं. ती मुलगी म्हातारी होईपर्यंत दुसऱ्या डोंगरावरनं बोंडं आणून इथे टाकत होती म्हणे.

तिने मरताना दोन गोष्टी घालून दिल्या. एक, बोंडं तडकून बी पडल्याशिवाय कोयता लावायचा नाही. दोन, पहिला कोयता थोरल्या घरच्या लेकीने लावायचा. सुनेने नाही, मुलाने नाही, लेकीने, ती कुठेही नांदत असो. तिने लावला की डोंगर सगळ्यांना मोकळा. मग कुणी कुणाला विचारायचं नाही.

थोरलं घर आमचं, आणि आत्यानंतर ही लेक म्हणजे मी. नवरा गेल्यावर मी माहेरी परतले, त्यामुळे मला बोलावून आणायचीही गरज राहिली नाही.

बोंडं तडकतात म्हणजे काय, ते ज्याने ऐकलं नाही त्याला कसं सांगू. फुलं गळून गेली की चिकट, उग्र वासाची बोंडं राहतात. हाताला लागली तर दोन दिवस वास जात नाही. ती पुढचा उन्हाळा येईपर्यंत झाडावरच वाळतात. वैशाखात ऊन कडक झालं, एखादं वळवाचं शिंतोडं पडलं की तडकायला लागतात. आधी एक, मग दहा, मग अख्खी उतरण. कढईत नागली टाकल्यासारखं. आत्या मला घेऊन उतरणीच्या कडेला बसायची. बी तोंडावर येऊन आपटायचं. मी उठायला लागले की दंड धरून खाली बसवायची. आवाज थांबला तरी आणखी दोन दिवस थांबायची. मग कोयता, आणि मग पाऊस लागायच्या आत सगळ्यांची एकच धावपळ. आत्या गेल्यावर मी एकटीने हे तीनदा केलं. एकदाही चुकले नाही.

आता माझ्या भावाचं सांगते.

तो माझ्या पाठचा. आई त्याच्या जन्मानंतर फार दिवस राहिली नाही. मीच त्याला पाठीला बांधून नागलीची लावणी केली. त्याचं पहिलं बोलणं 'आई' नव्हतं, 'बाय' होतं. आजही मला बायच म्हणतो. शिकला, नाशिकच्या अंबडला कारखान्यात लागला, तिथेच घर केलं. सणाला यायचा, येताना माझ्यासाठी चहापत्ती आणि चष्म्याची डबी, असलं काहीबाही आणायचा. चष्मा एकच, डब्या सहा. मी त्याला म्हणायचे, आता डोळे पण आण. हसायचा. मग दोन वर्षांपूर्वी कारखान्यातलं काम गेलं. तो इकडे तिकडे कामं धरू लागला, नक्की कसली ते सांगायचा नाही, मीही खोदलं नाही.

अकराव्या बहरात तो मुद्दाम आला होता. मोबाइल घेऊन माझ्यापुढे बसला आणि म्हणाला, बाय, पाड्याची सगळी गोष्ट सांग, आत्या सांगायची तशी. मी सांगितली. माझं कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं हो. मुलं मध्येच उठून जातात. हा दोन दिवस बसला. तीन घरं, मीठ, ती मुलगी, कुड, दोन नियम, सगळं त्याने त्या मोबाइलात भरून घेतलं. म्हणाला, नाशिकच्या बाजूला द्राक्षमळ्यापाशी एक मोठी जागा होतेय, लोक सुटीला येतात तिथे, तिथे आपल्या पाड्यासारखं एक घर उभं करणार आहेत. आपली गोष्ट पाटीवर लिहिणार. शाळेची मुलं येतील, वाचतील. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी झोपेतही ती पाटी वाचत होते.

शिमग्याला तो परत आला. होळीच्या दुसऱ्या दिवशी, अंगावर राख तशीच, मला म्हणाला, चल जरा उतरणीवर. मी म्हटलं कशाला. म्हणाला, त्या घराला दाखवायला एकच भारा हवाय. एकच. कडेचा. तू कापला तर शोभेल, मी फोटो काढतो, तो पाटीवर लावू.

मी उतरणीकडे बघितलं. बोंडं चिकट होती, पुरती वाळलीही नव्हती. मी त्याला स्पष्ट विचारलं, कारण मला नियम पाठ आहे.

"हे मोजण्यात नाय ना यायचं?"

"नाय बाय. एका भाऱ्याने काय होतंय. ही काय कापणी हाय का?"

"लोकांना सांगशील?"

"सांगतो ना मी. तू उगा काळजी नको करू."

मी कमरेचा कोयता काढला आणि कापलं. हात सरावाचा, एका दमात कापलं. त्याने चार-पाच फोटो काढले. एकदा म्हणाला, बाय, जरा हस. मी हसले.

संध्याकाळपर्यंत तो फोटो पाड्यातल्या प्रत्येक मोबाइलावर होता. खाली लिहिलं होतं, बायने कोयता लावला. मला हे कुणी दाखवलं नाही. मी भाकरी करून, भावाला वाढून, झोपले. तो जेवला, ताट धुतलं, माझ्या पायाला तेल चोळून दिलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. त्याने तेल चोळलं.

सकाळी गाड्यांच्या आवाजाने जाग आली. खाली चढणीच्या पायथ्याशी तीन पिकअप उभ्या होत्या आणि अख्खा पाडा कोयते घेऊन वर निघाला होता. मजुरी रोख आणि हातावर, असं सांगितलेलं. लोकांचं काय चुकलं म्हणू, शिमगा झाला की आमच्याकडची निम्मी माणसं नाशिकला, वणीकडे द्राक्षाच्या कामाला पांगतात, घरदार बंद करून. इथे दाराशी काम चालून आलं होतं.

मी अनवाणी धावले आणि वाटेत उभी राहिले. म्हटलं, बोंडं तडकली नाहीत, मागे फिरा. सगळे थांबले, खोटं नाही बोलत, थांबले. मग आमच्या पाड्याचे कारभारी पुढे आले. माझ्यापेक्षा एका बहराने मोठे, लहानपणी आम्ही एकत्र करवंदं खाल्लेली. हळू आवाजात म्हणाले, "कोयता पडला की डोंगर मोकळा, बाय. नियम तुमच्याच घरचा."

मी म्हटलं तो एका भाऱ्याचा होता, दाखवायचा होता. त्यांनी माझ्या भावाकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. तो वाटेच्या कडेला उभा होता, त्याने मान खाली घातली. एक शब्द बोलला असता तरी पुरला असता. लोक मला वळसा घालून वर गेले. कुणी धक्का दिला नाही, माझ्या लुगड्याला कुणाचं पाऊलसुद्धा लागलं नाही. इतक्या मानाने मला कुणी वळसा घातला नव्हता.

शेवटी माझी शेजारीण राहिली. आमचं चुलीला चूल लागून घर, तीस वर्षं एका डोहावर पाणी भरलेलं. तिच्याही हातात कोयता होता. मी तिला म्हटलं, तुला तरी दिसतंय ना, बोंडं ओली आहेत. तर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू लावलास म्हणून आम्ही चाललो. नायतर कोण गेलं असतं?"

तेव्हा मला कळलं. बोंडं ओली आहेत हे सगळ्यांना दिसत होतं. आमच्याकडचं दोन बहर पाहिलेलं पोरही ओळखतं. त्यांना फक्त कुणाच्या तरी पाठीमागे जायचं होतं, आणि ती पाठ माझ्या भावाने त्यांना आणून दिली होती.

चार दिवस कापणी चालली. दुसऱ्या दिवशी मी एवढंच मागितलं की शेंडे तरी इथेच छाटा, बोंडं उतरणीवर पडू द्या, काही पिकतील काही सडतील. पण वर छाटायला वेळ जातो, म्हणून भारे तसेच खाली नेले आणि शेंडे पायथ्याशी छाटले. गाडीला अडचण होते म्हणून तो ढीग पेटवला. चिकट बोंडांचा धूर कसा असतो, मला माहीत नव्हतं. तीन दिवस पाड्याला तो वास होता. मी आणि माझ्या मुलीची मुलगी, आम्ही पेटायच्या आधी चार टोपल्या बोंडं आणली होती. ओट्यावर पसरली. त्यांना बुरशी आली.

भाऊ चौथ्या दिवशी शेवटच्या पिकअपमध्ये बसून गेला. जाताना दारात आला. मी आत होते, कडी लावलेली. बाय, बाय, अशा दोन हाका मारल्या. लहानपणी रानात चुकला की अशाच मारायचा, आणि मी हातातलं टाकून धावायचे. या वेळी मी नागली निवडत बसले. निवडून झालेलीच होती, तीच पुन्हा निवडली.

वैशाख आला. मला राहवेना. संध्याकाळी जाऊन उतरणीच्या कडेला बसले, आत्या बसवायची त्याच जागी. दोन दिवस आधी वळीव शिंतडला होता. लांब वर, कड्याला धरून, जिथे माणूस चढू शकत नाही अशी कारवीची एक पट्टी उरली होती. ती तडकायला लागली. लांबून ऐकू यायचं, बारीक, चुलीतलं लाकूड तडकावं तसं. आणि माझ्यापुढे आमची उतरण. नुसते खुंट. त्यांच्यावर एक सरडा हिंडत होता. मी काळोख पडेपर्यंत बसले. एवढी मोठी उतरण इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती.

मे महिन्याच्या शेवटी भाचीचा, म्हणजे भावाच्या मुलीचा, फोन आला. आत्या, तुला न्यायला येते, ते घर बघायला चल, बाबांचा जीव अडकलाय. पोरगी गुणी आहे. तिच्यासाठी गेले, असं मी तेव्हा म्हटलं. खरं म्हणजे मला पाटी बघायची होती.

जागा फार सुंदर आहे, हेही सांगायला हवं. द्राक्षाच्या ओळी, हिरवळ, पाण्याचं तळं. आणि त्यात घरं, एक नाही, मी मोजायचं सोडून दिलं इतकी. सगळ्यांचे कुड आमच्या कारवीचे. आत गार हवेचं यंत्र. शेणमाती नाही, वर काहीतरी चकचकीत चोपडलेलं, काठ्या दिसाव्यात म्हणून. आम्ही ज्या काठ्या झाकतो त्या तिथे दाखवायच्या होत्या. भाऊ पुढे पुढे चालत होता, कपडे इस्त्रीचे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्याला तिथे देखरेखीचं कायमचं काम लागलं होतं. ते कशाच्या बदल्यात, ते मला त्या किल्ल्यांच्या आवाजाने कळलं.

पाटी दाराशीच होती. मोठी, काचेची. वर माझा फोटो, कोयता हातात, हसते आहे. चष्मा लावला आणि वाचलं, अक्षर अक्षर लावून. माझेच शब्द होते. तीन घरं, मीठ, ती मुलगी. कुणीतरी शुद्ध करून लिहिलेले, पण माझेच. आणि शेवटची ओळ अशी की, या पाड्यावरचे लोक बी पडल्याशिवाय कारवीला कधीही कोयता लावत नाहीत.

त्या ओळीवर माझं हसरं तोंड, आणि फोटोत माझ्या मुठीत ओली बोंडं. नीट बघितलं तर दिसतात.

मी भावाला म्हटलं, "ती ओळ काढ."

"बाय, ते छापून घेतलंय."

"मग माझा फोटो काढ."

"लोकांना आवडतो तो फोटो. तू बघ तरी."

तेवढ्यात सुटीला आलेलं एक कुटुंब आलं. त्यांनी मला ओळखलं, पाटीवरच्या आजी याच, म्हणून लेकरांना पुढे केलं, फोटो काढायला उभं केलं. चांगली माणसं होती. मी त्यांना सांगितलं, हे खरं नाही, ही कारवी बी पडायच्या आधी कापली, मीच कापली, मला फसवून कापायला लावली. त्या बाईंनी माझा हात हातात घेतला आणि आपल्या नवऱ्याला म्हणाल्या, किती गोड बोलतात ना. मग त्यांनी फोटो काढला. भाऊ मध्ये पडून म्हणाला, बायला उन्हाचा त्रास होतो, आणि मला सावलीत नेलं. लिंबाचं सरबत आणून दिलं.

सावलीत मी त्याला विचारलं, तू मला खरं सांगून का नाही मागितलंस. त्याने बराच वेळ त्या किल्ल्या चाळवल्या. म्हणाला, काम गेल्यापासून घरात नीट जेवलो नव्हतो, सुटी लागायच्या आत खोल्या उभ्या करायच्या होत्या, त्यांना वैशाखापर्यंत थांबायचं नव्हतं. आणि मग म्हणाला, "तू नाय म्हटली असतीस."

"हो," मी म्हटलं. "म्हणून तर पहिला कोयता माझ्याकडे ठेवला होता ना सगळ्यांनी."

सरबत मी प्यायले. ऊन खरोखरच होतं.

पाऊस झाला. श्रावणात मी आणि शेजारीण उतरणीवर वाकून वाकून फिरलो. हो, तीच शेजारीण. ती आपण होऊन आली, मी बोलावलं नव्हतं. जिथे कड्याची पट्टी जवळ येते त्या कोपऱ्यात हाताच्या बोटाएवढी कारवीची रोपं उगवली होती, दाट, एका आंथरुणाएवढ्या जागेत. बाकी सगळीकडे गवत, आणि मध्ये मध्ये तांबड्या रेघा, माती उतरल्याच्या. खाली दोन खाचरांत गाळ आला. शेजारणीचं एक. आम्ही रोपांवरचं गवत उपटलं. गुरं जाऊ नयेत म्हणून बोराटीचे काटे लावले. आता दरवर्षी त्यातली थोडी उचलून पुढे लावायची. एका आंथरुणाची दोन आंथरुणं होतील. माझ्या हयातीत एवढं होईल.

पोळ्यानंतर पाड्याची बैठक झाली. लोकांच्या डोळ्यांत लाज होती, नव्हती असं मी म्हणणार नाही. कारभाऱ्यांनी विषय काढला की बायचं वय झालं, पुढच्या खेपेचा कोयता कुणाकडे, रीतीप्रमाणे तो भावाच्या मुलीकडे जातो, ती अंबडला असते, तिला कळवावं का.

मी रात्रंदिवस याचाच विचार करत होते, त्यामुळे उत्तर तयार होतं. मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, कोयता आता कुणाकडेच जाणार नाही. आमच्या घरचा मान आमच्याच घराने विकला, तो आता मोडला. यापुढे एका बाईच्या हाताआड कुणी लपायचं नाही.

कारभारी म्हणाले, "मग डोंगर मोकळा झाला हे सांगायचं कुणी?"

"कुणी सांगायचं नाय. ज्याला कापायचंय त्याने वैशाखात उतरणीवर जाऊन बसायचं. कान हायत ना सगळ्यांना."

कुणीतरी मागून म्हणालं, बाय, आत्याला काय वाटेल. पाड्यावरच्या सगळ्यांची ती आत्याच होती. मी म्हटलं, आत्याला जे वाटायचं ते शिमग्यालाच वाटलं असेल. आणि खाली बसले. आठ पिढ्या, की किती असतील, बायका ज्याचा मान सांभाळत आल्या तो मी दोन वाक्यांत संपवला. बरोबर केलं की नाही, मला अजूनही ठाम सांगता येत नाही. भाचीला मी आपण होऊन फोन करून सांगितलं. ती रडली. म्हणाली, आत्या, मी तसं केलं नसतं. मला माहीत आहे गं, मी म्हटलं. मीही केलं नसतं.

भाऊ हल्ली दर रविवारी फोन करतो. आधी मी उचलत नव्हते. आता उचलते. तो सांगत राहतो, गुडघा दुखतोय, नातवाला दात आले, तिकडे पाऊस कमी आहे, या वेळी येताना काय आणू. मी कानाला धरून ऐकते. माझ्या पाठीवरचं लेकरू आहे ते, आवाज ऐकल्याशिवाय राहवत नाही. तो दम घ्यायला थांबला की मी हं म्हणते. एवढंच. तो थोडा वेळ वाट बघतो, मी आणखी काही बोलेन म्हणून. मग म्हणतो, ठेवू का बाय.

मी हं म्हणते.